दांडा होळीचा, पानं आत्याची

होळीच्या दिवशी पुरणाची डाळ शिजत टाकून घराबाहेर पडणाऱ्यांतली मी नव्हे. पण यंदा पडले. कुकरकडे लक्ष ठेवायचं काम आमच्या ह्यांच्यावर सोपवलं, कापडी पिशवी काखेला मारली आणि नव्या पनवेलच्या आमच्या सोसायटीबाहेर रिक्षा थांबवली. "कुठे जायचं, काकू?" रिक्षावाल्याने विचारलं. म्हटलं, "पळस्प्याच्या पुढे. एरंड मिळेपर्यंत." तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघतच राहिला.

त्याला काय सांगणार? घरी माझी लेक प्राची बाळंतीण. पहिलटकरीण, बाळंतपणाला माझ्याकडे आलेली. मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची, आल्याआल्या अख्खा वॉर्ड उठवणारी. घरी आलो आणि प्राचीची छाती भरून दगडासारखी घट्ट झाली. दूध होतं, नाही असं नाही, पण आतल्या आत साकळलेलं. बाळाने तोंड लावावं, तोंड सुटावं, आणि मग दोघींनी मिळून रडावं. डॉक्टर मॅडमनी आदल्या दिवशी नीट तपासलं होतं. ताप नाही, घाबरू नका, गरम शेक द्या, हाताने थोडं थोडं काढा, बाळाला लावत राहा, अंग तापलं तर मात्र लगेच या. सगळं करत होतो. टॉवेल गरम करून करून माझ्या हाताची सालं निघायची बाकी होती. तरी होळीच्या सकाळी प्राची म्हणाली, "आई, मला नाही जमणार. पावडरचा डबा आण."

डब्याच्या दुधात कमीपणा काही नाही. माझ्या दोन भाच्या त्यावरच वाढल्या आणि आज मला उलट उत्तरं द्यायला कुठे कमी पडत नाहीत. पण प्राची हे बोलली ते भिंतीकडे तोंड करून. तिला पाजायचं होतं हो! पोटुशी असल्यापासून तिने दुसरं काही बोलून दाखवलं नव्हतं. मी टॉवेल पिळला, तिच्या छातीवर ठेवला, आणि त्या वाफेत मला एकदम वास आला. विस्तवावर धरलेल्या एरंडाच्या पानाचा. हिरवा, जड, थोडा कडू वास. टॉवेलला तो येणं शक्यच नव्हतं, पण माझं नाक ऐकायला तयार नाही. मॅडमना फोन लावला. "एरंडाचं पान शेकून बांधलं तर चालेल?" त्या हसल्या. "बांधा की. माझी आईसुद्धा बांधायची. भाजेल इतकं गरम नको, आणि पाजायच्या आधी स्वच्छ पुसून घ्या." मग मी कोणाची थांबते!

आता एरंड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच झाड येतं. माझ्या माहेरच्या परसातलं. पळस्पे ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचं गाव. समोर कर्नाळ्याचा सुळका, मागे भाताची खाचरं, आणि घराच्या मागच्या दाराशी, उकिरड्याच्या कडेला, तो एरंड. दुसरीकडे कुठे एरंड मिळेल हा विचारच मला शिवला नाही. माणूस चाळीस वर्षं पनवेलच्या बाजारात ब्लाउज शिवत बसलं तरी काही गोष्टी गावालाच असतात असं धरून चालतं.

रिक्षा थांबली तिथे एक लांबलचक निळं गोदाम उभं होतं. कंटेनर आत जात होते, कंटेनर बाहेर येत होते. गावच्या जमिनी गेल्या, घरं रस्त्यापलीकडे नव्याने उठली, हे मला काय माहीत नव्हतं? भावाच्या बंगल्यावर मी दिवाळीला जातेच की. पण मागच्या दाराच्या जागेवर मी पुन्हा कधी उभी राहिले नव्हते. सुळक्याकडे तोंड केलं, मग अंदाजाने उजवीकडे सरकले. इथे विहीर. इथे पेंढ्याची माच. आणि इथे, जिथे आता काँक्रीटवर डिझेलचा काळा डाग होता, तिथे आमचा एरंड.

काय झाड होतं ते! लोक म्हणतात एरंड म्हणजे झुडूप. आमचा कौलांना टेकलेला. खोड जांभळट तांबडं, त्यावर पांढरी भुकटी, बोट फिरवलं की बोटाची रेघ उमटायची. आम्ही पोरी त्यावर नखाने नावं काढायचो आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींची पुसायचो. पानं ही एवढाली, हाताच्या पंज्यासारखी, कडेने कातरलेली. मी पुढे शिवणकाम शिकले तेव्हा बाई कडा कातरायला शिकवत होत्या, आणि मला सारखं वाटे, हे तर मी परसात पाहिलंय. पानाचा देठ आतून पोकळ. तो तोडायचा, वाटीत रिठा घोळायचा, देठाचं टोक बुडवायचं आणि फुंकायचं. उन्हात फुगे निघाले की कोंबड्या त्यांच्यामागे धावायच्या. एकदा एक फुगा न फुटता विहिरीवरून पलीकडे गेला. तो कोणाचा होता यावरून माझं आणि माझ्या चुलतबहिणीचं अजून भांडण आहे.

झाड आमच्या परसात, पण मालकी हिराआत्याची. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे कशी आली, कधी आली, हे आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही. विहिरीला कोणी विचारतं का, तू इथे कधी आलीस म्हणून? आत्या होती. उंच, सावळी, नऊवार लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कायम काहीतरी: विळा, टोपली नाहीतर आमच्यापैकी एखादीचा कान. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पण गावातली निम्मी मुलं तिच्या तळहातांनी तेल चोळून घेऊन मोठी झाली. बाळाचं पोट फुगलं की बेंबीभोवती कोमट एरंडेलाचं बोट. पायाच्या भेगांना एरंडेल. डोळ्यांत घालायचं काजळ तेही एरंडेलाच्या दिव्याचं, वर तांब्याचं ताम्हन पालथं घालून धरलेलं. त्या दिव्याची ज्योत मंद आणि शांत असे. आम्ही पोरी तिच्याभोवती बसून काजळ धरायची वाट बघायचो, आणि आत्या सगळ्यांच्या आधी स्वतःच्या डोळ्यांत घालून आरशात बघायची. नटवी होती अगदी.

तिच्याकडे माणसं यायची ती मात्र पानांसाठी. मिठागरात राबणारे पुरुष उन्हं कलताना यायचे, गुडघे धरून, अंगाला मिठाचा पांढरा चुरा. मागच्या ओटीवर बसायचे. आत्या शेगडीत चार निखारे घालायची, पानाला तेलाचा हात लावायची आणि विस्तवावर धरायची. आधी पान चुरचुर बोलायचं, मग त्याची कड आत वळायची, मग ते एकदम गप्प होऊन मऊ पडायचं. तेवढ्यात तो वास घरभर. पान गुडघ्यावर ठेवून वर जुन्या लुगड्याची पट्टी. माणूस डोळे मिटून "आईग्ग" म्हणायचा, ते दुखून नव्हे. आत्या म्हणायची, "बरा वाटतंय ना? मंग वरडतंस कला?" कला म्हणजे आमच्या बोलीत कशाला. की ओटीवर हशा. माझं लहानपण त्या हशाच्या बाजूला बसून गेलं.

तिचे कायदे कडक. उन्हं कलल्यावर पान तोडायचं नाही, तोडलं तर झाडाला हात लावून मग तोडायचं. आणि बी तोंडात घालायची नाही, कधीही नाही, गंमत म्हणून नाही, चाटूनही नाही. एरंडाची बी दिसायला काय देखणी! तपकिरी, तुळतुळीत, वर पांढरी नक्षी. ब्लाउजला बटण म्हणून लावावी असं अजून वाटतं मला. माझ्या चुलतभावाने एकदा एक बी ओठाशी नेली तर आत्याने अंगणाच्या त्या टोकावरून वहाण फेकून मारली. नेम असा की बी एकीकडे आणि तो एकीकडे. "जहर हाय ती! तेलात उतरंल तवा अवशद, त्याच्या आदी जहर!" भाऊ रडला, मग आत्याही रडली, मग दोघांनी मिळून गुळपापडी खाल्ली.

होळी झाली, ऊन तापलं की बोंडं सुकवायची वेळ. अंगणात गोणपाटावर काटेरी बोंडं पसरलेली आणि भर दुपारी ती आपोआप फुटायची. टक्. टक्. टक्कन एखादी बी उडून सरळ कौलावर. दुपारच्या झोपेत तो आवाज ऐकत पडायचं, मोठी माणसं घोरत असायची, आणि आम्ही उडालेल्या बिया शोधून आत्याच्या टोपलीत टाकायच्या. तेवढ्यापुरता आम्हाला बियांना हात लावायचा परवाना. नंतर राखेने हात धुवायचे. बिया भाजून, उखळात कुटून, मोठ्या टोपात पाण्याबरोबर रटरट शिजवायच्या. तेल हळूहळू वर यायचं. आत्या ते करवंटीच्या पळीने वरचेवर टिपून घ्यायची आणि पुन्हा कढवायची, पाणी आटेपर्यंत. त्या दिवशी जेवण शेजारणींकडे, कारण चूल आत्याची.

आणि मग तेलाची परीक्षा. ती पनवेलला. पनवेलच्या बाजारामागे आत्याची मैत्रीण राहायची, सारामावशी. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, घराणं पिढीजात तेल गाळणारं, शनिवारी घाणा बंद ठेवणारं. घाणा तर कधीच गेला होता, सारामावशीचे मुलगे ऑफिसात जात होते, पण तेल तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. आत्या बाटली पुढे करायची आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी पदर सारखा करत उभी राहायची. सारामावशी तळहातावर थेंब घ्यायची, दुसऱ्या तळव्याने चोळायची, कानाशी नेऊन ऐकायची. हो, ऐकायची! "हिरा, पाणी राहिलंय. बोलतंय अजून." की आत्याचं तोंड एवढंसं. एखाद्या वर्षी मावशी काहीच बोलायची नाही, नुसतं दोन्ही हात आत्याच्या गालांवरून फिरवायची. मग आम्हाला त्या आनंदात बाजारातून बर्फाचा गोळा. पुढे सारामावशी मुलांबरोबर इस्राएलला गेली. जाताना आत्याने तिला तेलाची बाटली दिली. तिथे एरंड होतो का, हे आत्या पुढे कितीतरी वर्षं भेटेल त्याला विचारायची. मला आता कळलंय, होतो. सांगायला दोघीही नाहीत.

गोदामाच्या भिंतीशी उभी राहून मी हे सगळं आठवत होते, आणि खरं सांगते, मला वाईट वाटत नव्हतं. हसूच येत होतं. पहारेकऱ्याला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय. तो जवळ आला. "काय पाहिजे?" म्हटलं, "एरंड." तो म्हणाला, "आज ऑफिस बंद हाय, उद्या या." मी त्याला पान कसं असतं ते हाताचा पंजा पसरून दाखवलं. त्याने कुंपणाच्या कडेकडेने माझ्याबरोबर चक्करसुद्धा मारली. काँग्रेस गवत होतं, रुई होती, मोगली एरंडाचं कुंपण होतं. नाव एरंड, पण ते झाड वेगळं. त्याचं पान आपल्या कामाचं नव्हे. आत्याने मला पहिली शिकवलेली गोष्ट तीच.

रिक्षात परत बसले. पिशवी रिकामी. फोनवर ह्यांचा आवाज, मागे बाळाचं रडणं. "डाळ झाली. पण ही काही गप्प बसत नाही. प्राची म्हणतेय, येताना दुकानातून डबा घेऊन ये." म्हटलं, "येते." दुसरं काय म्हणणार?

पळस्प्याच्या नाक्यावर होळीची वर्दळ होती. टेम्पोत लाकडं, पोरांच्या हातात पिपाण्या. आणि तिथे मला ती होळी आठवली. माझा धाकटा भाऊ जन्मला त्या वर्षीची.

आमच्याकडे होळीच्या मधोमध एरंड उभा करायचा. आणि होळीचं सामान चोरूनच आणायचं, त्याशिवाय मजा नाही. ज्याचं गेलं त्याने बोंब मारायची, पण रागवायचं नाही, हा रिवाज. दरवर्षी गावातली पोरं कुठल्यातरी बांधावरचा एरंड आणत. त्या वर्षी त्यांची मजल आमच्या परसापर्यंत गेली. सकाळी मागचं दार उघडलं तर नुसता बुंधा. घरात माझी आई बाळंतीण, छाती अशीच भरलेली, बाळ रडून निळंजांभळं, आणि आत्याने आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं की उद्या पानं बांधू.

आत्याने बोंब मारली नाही. ओचा घट्ट केला आणि निघाली. मी तिच्या मागे धावत. देवळासमोर होळी रचून झालेली. मध्ये आमचा एरंड, पानांसकट, ताठ. हळदकुंकू वाहिलेलं, नारळ ठेवलेला, गावचे सगळे मोठे पुरुष हजर. आत्या सरळ लाकडांवर पाय देऊन वर चढायला लागली. एकच गोंधळ! "हिराबाय, पूजा झाली हाय! हात लावू नको! होलीचा एरंड हाय तो!" आत्या वर पोचली होती. एक हात एरंडाच्या खोडाला, दुसरा कमरेवर. आणि तिने वरून सगळ्यांना विचारलं, "होली आई हाय ना?" कोणीतरी म्हणालं, हाय. "मंग आई बालंतनीची पानं खाईल काय रं?"

मग पुजाऱ्याच्या म्हाताऱ्या बापाला हसू फुटलं, तोंडात दात नव्हते तरी केवढ्याने हसला तो. म्हणाला, "काढ गो, काढ. दांडा होलीचा, पानं तुजी." ज्या पोरांनी चोरी केली होती त्यांनीच खाली धोतर पसरलं आणि आत्या वरून एकेक पान टाकत गेली. त्या संध्याकाळी माझा भाऊ पोटभर प्यायला. पुढे दरवर्षी होळी रचली की पोरं आत्याला बोलवायला यायची, आणि ती मिरवत जाऊन पानं उतरवून आणायची. उघडा दांडा होळीत. पानं मागच्या ओटीवर. एक बोंडांचा घोस ती बाजूला ठेवायची आणि धुळवडीला होळीची राख आणून त्यात बी टोचायची. त्यामुळे आमचा एरंड दरवर्षी जळायचा आणि पावसाळ्यात पुन्हा कौलांकडे निघायचा.

आता काय सांगू! हे सगळं डोळ्यांसमोर आहे, रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी थांबली, मी डब्याच्या दुकानाकडे वळणार, आणि समोर पाहते तर आमच्या पार्किंगमध्ये होळी रचलेली. सकाळी मी निघाले तेव्हा तिथे दोन स्कूटर होत्या. आता गोवऱ्या, लाकडं, फुलांच्या माळा, भोवती रांगोळी. आणि मधोमध, अगं बाई, एरंड! बाजारातून आणलेला, तांबड्या खोडाचा, पानांचा डौल अजून न गेलेला. मी पळस्प्याला जाऊन डिझेलचे डाग बघत होते आणि हा माझ्या जिन्याखाली उभा. मी माझ्याच कपाळावर हात मारून घेतला.

चप्पल काढली आणि हात घातला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी सावंत धावत आले. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. पार्किंगमध्ये पापड वाळत घातले म्हणून मला दोनदा बोललेला.

"काकू, काकू! काय करताय? गुरुजी पूजा करून गेले आताच!"

"पानं हवीत मला."

"अहो, उद्या मी तुम्हाला नर्सरीतून कुंडी आणून देतो. होळीला हात नका लावू. लोक मला विचारतील."

भोवती बायका जमल्या, पोरं जमली, कोणाच्या हातात मोबाईल. माझा आवाज एरवी मोठा आहे, सगळी गल्ली सांगेल. पण त्या क्षणी तो मोठा निघालाच नाही. वरून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, बाळाचं रडणं ऐकू येत होतं. दमलेलं, मध्येच थांबणारं. मी म्हटलं, "सावंत, होळी आई आहे ना?"

"म्हणजे काय, आहेच."

"मग आई बाळंतिणीची पानं खाईल का हो?"

सावंतांनी वर खिडकीकडे पाहिलं. बाळाने पुन्हा सूर लावला. तळमजल्याच्या एक आजी खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, दे तिला. आमच्याकडेही बांधायचे." सावंतांनी बूट काढले, गोवऱ्यांवर जपून पाय दिला आणि त्यांच्या उंच हाताने वरची कोवळी, मोठी पानं खुडून माझ्या पिशवीत टाकली. त्यांनी पहिलं पान खुडायच्या आधी मी एरंडाला हात लावला होता, आत्याचा कायदा म्हणून. आणि जिन्याकडे अशी पळाले की माझे गुडघे मागून ओरडत होते.

पानं धुतली, पुसली. शेगडी कुठली आता? तव्यावर धरली. चुरचुर. कड आत वळली. मग गप्प, मऊ. आणि तो वास माझ्या मॉड्युलर किचनमध्ये असा भरला की मला पाठीमागे कोणीतरी कमरेवर हात ठेवून उभं आहे असंच वाटलं. मनगटाच्या आत लावून गरमी पाहिली. प्राची म्हणाली, "आई, हे काय? भाजीचं पान?" म्हटलं, "गप्प पड." दोन्हीकडे पानं ठेवली, स्तनाग्र मोकळं सोडून, वर मऊ सुती पट्टी. ब्लाउज शिवून शिवून हात तयार आहे माझा, पट्टी कशी बसवायची ते मला सांगायला नको. ती डोळे मिटून म्हणाली, "आईग्ग."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बरा वाटतंय ना? मंग वरडतंस कला?"

प्राचीने डोळे उघडले. अशी भाषा तिने माझ्या तोंडी कधी ऐकलीच नव्हती. पनवेलला आल्यावर मी ती कुठल्या पेटीत ठेवून दिली होती, मलाच माहीत नाही. ती हसायला लागली. हसता हसता पट्टी ओली झाली. आधी मला वाटलं पानाचं पाणी. मग अजून ओली झाली. "आई," ती म्हणाली, "आई, येतंय." पानं काढली, कोमट पाण्याने सगळं पुसलं, बाळाला लावलं. बाळाने सवयीने आधी भांडण काढलं, मग एकदम थांबलं. आणि मग तो आवाज. गट्, श्वास, गट्. मी खूप वर्षांनी ऐकला तो. आमचे हे दारात पुरणाचा हात घेऊन उभे होते, डोळे पुसायला गेले आणि गालाला पुरण लागलं. मी रडले. सरळ रडले, लपवून नाही.

संध्याकाळ होत आली तशी बेल वाजली. दारात सावंत, हातात भलीमोठी पिशवी, आत एरंडाची उरलेली पानं. "काकू, ही राहू द्या. लागतील अजून. खाली नुसता दांडा ठेवलाय." पिशवी माझ्या हातात दिली. "थोडी घरी ठेवलीत हं. आईचे गुडघे फार धरतात. कशी शेकायची ते सांगाल?" मी त्यांना आत बोलावलं, पुरणपोळी वाढली आणि सांगितलं. बोंडांचा घोसही मागून घेतला. रंगाची रिकामी बादली बाल्कनीत तयार आहे, उद्या राख आणायची. बी मात्र मी माझ्याच हाताने टोचणार, आणि नात रांगायला लागली की बादली गच्चीवर.

खाली होळी पेटली. बाल्कनीतून पाहिलं, ज्वाळांच्या मध्ये उघडा दांडा ताठ उभा. पोरांनी बोंब ठोकली. आमच्या गावी होळीला बोंब मारणारी एकच बाई होती, आत्या. पुरुषांच्या बोंबा संपल्या की तिची सुरू व्हायची आणि ती म्हणे कर्नाळ्यापर्यंत जायची. मी इकडेतिकडे पाहिलं. पालथा हात तोंडावर नेला आणि अशी बोंब मारली, अशी मारली, की खालचे सावंत वर बघायला लागले.

आतून प्राची ओरडली, "आई! आत्ता कुठे झोपलीय! उठेल ना!"

मी म्हटलं, "उठू दे. आता दूध आहे."